कुलवृत्तांतांतील कोरें पान

आपल्याकडील जुन्या घराण्यांनीं गेल्या शतकांत मोठ्या हौसेनें आपापले कुलवृत्तांत छापून काढले. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गांवाहून निघाला, गोत्र व कुलदैवत कोणतें, कोणास कोणती सनद मिळाली, कोण वकील झाला आणि कोण मामलेदार झाला, हें सर्व त्यांत अगत्यानें लिहिलेलें असतें. हे ग्रंथ आम्हांस प्रिय आहेत व त्यांची योग्यता कमी लेखण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु वैद्यकाच्या दृष्टीनें ते चाळूं लागलें म्हणजे दोन गोष्टी तत्काळ ध्यानांत येतात. पहिली ही कीं, कोण कशानें वारलें हें त्यांत बहुधा नसतें. ‘अकालीं निवर्तले’ या दोन शब्दांवर पुष्कळांची बोळवण झालेली असते. दुसरी ही कीं, मुलीचें लग्न झालें म्हणजे तिची शाखा ग्रंथांतून नाहींशी होते. ती ज्या घरीं गेली त्या घराचें नांव लिहिलें जातें, तिच्या मुलाबाळांचें पुढें काय झालें तें लिहिलें जात नाहीं. रक्त मात्र असा भेद करीत नाहीं. तें मुलाच्या वंशांत उतरतें तसेंच मुलीच्याहि वंशांत उतरतें, आणि रक्ताचे कांहीं दोष तर मुलींच्याच वाटेनें नातवांपर्यंत पोंचतात.

रक्त गोठण्याचे आनुवंशिक दोष आणि हृदयविकाराचा झटका यांच्या संबंधाविषयीं सुशिक्षित घरांतूनहि दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. एक मत असें कीं, ‘आमच्या घराण्यांत रक्तच दाट, त्याला कोण काय करणार?’ दुसरें असें कीं, असल्या गोष्टी चारचौघांत निघाल्या तर मुलींचीं लग्नें जुळणार नाहींत, म्हणून त्यांचा उच्चारच नको. पहिल्या मतानें मनुष्य निष्काळजी होतो व दुसऱ्यानें तो ऐन संकटांत आंधळा होतो. या दोन्ही मतांचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

रक्त गोठतें तें कसें

निरोगी माणसाचें रक्त शरीरांत वाहतें राहतें आणि जखम होतांच तेथल्या तेथें गोठतें. रक्तांत प्लेटलेट नांवाच्या सूक्ष्म चकत्या असतात. रक्तवाहिनीस इजा होतांच त्या तेथें जमून तात्पुरतें बूच बसवितात. मग ‘फॅक्टर’ या नांवानें ओळखलीं जाणारीं द्रव्यें एकामागून एक जागीं होतात व शेवटीं फायब्रिनच्या धाग्यांचें जाळें त्या बुचावर विणलें जातें. हें काम जखमेपुरतेंच होऊन थांबावें म्हणून निसर्गानें आवर घालणारीं द्रव्येंहि ठेविलीं आहेत. अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी आणि प्रोटीन एस हीं त्यांतील मुख्य होत.

जन्मजात दोष दोन्ही बाजूंनीं संभवतो. फॅक्टर आठ किंवा फॅक्टर नऊ कमी असला तर हिमोफिलिया होतो. फिनलंडचे डॉक्टर फॉन विलेब्रांड यांनीं १९२६ सालीं वर्णिलेला व त्यांच्याच नांवानें ओळखला जाणारा रक्तस्रावाचा विकार स्त्रीपुरुष दोघांसहि होतो. उलट पक्षीं, आवर घालणारें द्रव्य कमी पडलें तर रक्त नको तेथें गोठूं लागतें. नॉर्वेमध्यें एगेबर्ग यांनीं १९६५ सालीं एका कुटुंबांत अँटिथ्रॉम्बिनची उणीव दाखविली. प्रोटीन सीची उणीव १९८१ सालीं व प्रोटीन एसची १९८४ सालीं उजेडांत आली. १९९३ सालीं स्वीडनचे डालबेक यांनीं असें दाखविलें कीं, कांहीं घराण्यांत प्रोटीन सी पुरेसें असूनहि रक्त त्याचा आवर जुमानीत नाहीं. पुढच्याच वर्षीं हॉलंडांतील लायडेन येथील संशोधकांनीं त्याचें कारण शोधिलें. फॅक्टर पांचाच्या बीजांत झालेला हा लहानसा बदल ‘फॅक्टर पांच लायडेन’ या नांवानें प्रसिद्ध आहे. १९९६ सालीं प्रोथ्रॉम्बिनच्या बीजांतीलहि तसाच एक बदल आढळला.

युरोपीय लोकांत हे शेवटचे दोन दोष बरेच दिसतात. आपल्याकडे पहिला विरळ व दुसरा फारच विरळ आहे. आपल्या प्रांतांत या विषयाचा अभ्यास करणारी मुख्य संस्था मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांत आहे. १९५७ सालीं रक्तगटांच्या संशोधनासाठीं निघालेली ही संस्था आज राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था म्हणून कार्य करीत आहे. पश्चिम भारतांतील यकृताच्या नीलांत गुठळ्या झालेल्या रोग्यांचा अभ्यास करून तेथील संशोधकांनीं २००१ सालीं दाखविलें कीं, आनुवंशिक दोष हें त्या विकाराचें एक कारण आपल्याहि लोकांत आहे.

तीन डब्यांची गोष्ट

एक दोष असला म्हणजे संकट आलेंच, असें मात्र समजूं नये. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यांत, सोलापूर–धुळें महामार्गावर, तेरखेडा हें गांव आहे. फटाक्यांच्या कारखान्यांमुळें त्याचें नांव मराठवाडाभर झालें आहे. जुन्या पद्धतीची दारू सोरा, गंधक व कोळसा या तीन द्रव्यांची. तीं तीन डब्यांत वेगवेगळीं आहेत तोंवर बार उडत नाहीं. योग्य प्रमाणांत एकत्र आलीं व त्यांस ठिणगी मिळाली म्हणजेच उडतो. रक्ताच्या गुठळीचेंहि कांहींसें असेंच आहे. जर्मन पंडित फिर्शो यांनीं १८५६ सालीं मांडलेल्या विचारावरून वैद्यकशास्त्र आजहि गुठळीचीं तीन कारणें मानितें: रक्तवाहिनीच्या भिंतीची इजा, प्रवाहाचा मंदपणा आणि खुद्द रक्ताच्या घटनेंतील बदल. जन्मतः मिळालेला दोष हा या तीन डब्यांपैकीं केवळ एक डबा होय. उरलेले दोन पुष्कळदा आपल्या हातीं असतात.

आतां हृदयाकडे वळूं. हृदयाच्या रोहिणींत गुठळी झाल्यानें झटका येतो आणि तरीहि रोगी वांचूं शकतो, हें शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं १९१२ सालीं प्रतिपादन केलें. तें सर्वमान्य होण्यास बराच काळ लागला. १९८० सालीं डीवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं झटक्यानंतर चार तासांच्या आंत रोग्यांच्या रोहिण्यांचीं क्ष-किरण चित्रें घेतलीं, तेव्हां दहांपैकीं आठांहून अधिक जणांची रोहिणी पूर्ण बंद झालेली आढळली. गुठळीच जर अपराधी, तर ज्याच्या रक्ताचा कल जन्मतः गोठण्याकडे आहे त्यास झटका हमखास येणार व पुन्हां पुन्हां येणार, असें कोणासहि वाटेल. परंतु तसें नाहीं.

याचें कारण असें कीं, पायाच्या नीलांतील गुठळी व हृदयाच्या रोहिणींतील गुठळी यांची जात निराळी आहे. नीलांत रक्त संथ वाहतें. तेथें फायब्रिनचें जाळें मुख्य असतें व आवर घालणाऱ्या द्रव्यांची उणीव तेथेंच अधिक भोंवते. रोहिणींत रक्ताचा वेग मोठा असतो. तेथें आधीं भिंतींत वर्षानुवर्षें चरबीचा थर सांचतो, तो एके दिवशीं फुटतो व त्या जखमेवर प्लेटलेटची गर्दी होते. म्हणून रोहिणीसाठीं प्लेटलेटला रोखणारी ॲस्पिरिन मुख्य, तर नीलेसाठीं हेपॅरिन किंवा वॉरफरिन यांसारखीं औषधें मुख्य ठरलीं आहेत.

मोठ्या पाहण्यांनीं हेंच सिद्ध केलें आहे. अमेरिकेंतील सुमारें १५,००० पुरुष डॉक्टरांच्या पाहणीवरून रिड्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९५ सालीं दाखविलें कीं, फॅक्टर पांच लायडेन असलेल्यांस नीलांतील गुठळ्या अधिक होतात, हृदयविकाराचा झटका मात्र अधिक येत नाहीं. २००६ सालीं ६६,१५५ रोगी व ९१,३०७ निरोगी माणसें यांची एकत्र तुलना झाली. तींत लायडेन दोषानें हृदयरोगाचा धोका शेंकडा १७ नीं व प्रोथ्रॉम्बिनच्या दोषानें शेंकडा ३१ नीं वाढलेला दिसला. ही वाढ खरी, पण लहान. ज्यांस हृदयरोग आधींच जडलेला आहे अशा जवळजवळ ७०,००० लोकांचा वृत्तांत २०२० सालीं एकत्र तपासण्यांत आला, तेव्हां लायडेन दोष असलेल्यांस पुढें झटका येण्याचें किंवा हृदयविकारानें मृत्यु येण्याचें प्रमाण इतरांहून वेगळें आढळलें नाहीं. ज्या घरांत हा दोष निघाला आहे व कर्त्या पुरुषास एकदां झटका येऊन गेला आहे, त्या घरास यापरता दिलासा दुसरा नाहीं.

उलट, ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ नांवाच्या पाहणीनें २००४ सालीं दाखविलें कीं, पहिल्या झटक्याच्या धोक्याचा सुमारें शेंकडा नव्वद भाग नऊ गोष्टींनीं उलगडतो. धूम्रपान, रक्तांतील चरबीचें बिघडलेलें प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, सुटलेलें पोट, मनावरील ताण, फळें व भाजीपाला यांची वाण, व्यायामाचा अभाव व मद्यपान यांच्याशीं असलेला संबंध, अशा त्या नऊ होत. त्याच पाहणींतून २००७ सालीं असेंहि निघालें कीं, दक्षिण आशियांतील लोकांस पहिला झटका मध्यममानानें ५३ व्या वर्षीं येतो, तर इतरत्र तो सुमारें ५९ व्या वर्षीं येतो. तात्पर्य, ‘रक्तच दाट’ असें म्हणून जो बसून राहतो व तंबाखूची चंची जवळ बाळगतो, तो एक डबा दाखवून दुसरा लपवितो.

अपवाद केव्हां मानावा

तथापि कांहीं प्रसंगीं रक्ताच्या दोषाचा शोध अवश्य घ्यावा लागतो. डच कुटुंबांच्या अभ्यासांत २००८ सालीं असें आढळलें कीं, प्रोटीन सी किंवा प्रोटीन एस यांची आनुवंशिक उणीव असलेल्यांस पंचावन्न वर्षांच्या आंत रोहिणींतील गुठळ्यांचा धोका अधिक असतो. म्हणून चाळिशीच्या आंतील मनुष्यास झटका आला, तंबाखू नाहीं, मधुमेह नाहीं, तपासणींत रोहिण्या स्वच्छ निघाल्या आणि घराण्यांत गुठळ्यांचा इतिहास आहे, असें असल्यास डॉक्टर रक्ताकडे वळतात. क्वचित् पायांतील गुठळी हृदयाच्या पडद्यांतील जन्मजात छिद्रांतून उजवीकडून डावीकडे जाते व रोहिणींत अडकते, त्याचाहि विचार होतो. मात्र ही तपासणी झटक्याच्या गडबडींत करूं नये. ताजी गुठळी असतांना किंवा हेपॅरिन चालू असतांना अँटिथ्रॉम्बिन खोटेंच कमी दिसूं शकतें; वॉरफरिननें प्रोटीन सी व एस कमी होतात; गरोदरपणांत प्रोटीन एस स्वभावतःच उतरतें. अशा वेळचा एक कागद घेऊन मुलीस जन्मभराची रोगी ठरविणें हा अन्याय होय.

स्त्रियांविषयीं येथेंच एक गोष्ट सांगणें जरूर आहे. लायडेन दोष असलेल्या स्त्रीनें संततिनियमनाच्या गोळ्या घेतल्या तर नीलांतील गुठळीचा धोका, दोष नसलेल्या व गोळ्या न घेणाऱ्या स्त्रीच्या मानानें, सुमारें पस्तीसपट होतो, असें डच संशोधकांस १९९४ सालीं आढळलें. आपल्या घरांतून मंगलकार्य किंवा कुळधर्म आला म्हणजे विटाळ पुढें ढकलण्यासाठीं मुली व सुना औषधाच्या दुकानांतून परस्पर गोळ्या आणून घेतात. ज्या घराण्यांत कोणास पाय सुजून गुठळी झाली आहे, तेथें डॉक्टरांस विचारल्यावांचून अशी गोळी घेऊं नये, व वडील स्त्रियांनीं तिचा आग्रहहि धरूं नये.

रक्त न गोठणाऱ्यांचें हृदय

हिमोफिलियाच्या रोग्यास हृदयविकार होत नाहीं, अशी एक समजूत आहे. तिला थोडा आधार आहे. हॉलंडांतील हिमोफिलियाग्रस्तांच्या १,०१२ मातांचा अभ्यास २००३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांच्यांत हृदयविकारानें येणारे मृत्यु अपेक्षेहून शेंकडा ३६ नीं कमी आढळले. परंतु रोहिणीच्या भिंतींत चरबी सांचावयाची ती यांच्यांतहि सांचतेच. पूर्वीं हिमोफिलियाचे रोगी तरुणपणींच दगावत. आतां फॅक्टरचीं इंजेक्शनें मिळूं लागल्यामुळें ते साठी-सत्तरी पाहतात, आणि वयाबरोबर येणारा हृदयविकारहि त्यांस गांठतो. अशा वेळीं ॲस्पिरिन, हेपॅरिन व रोहिणी उघडण्याची क्रिया हीं सर्व करतां येतात. मात्र उणा फॅक्टर आधीं भरून व रक्ततज्ज्ञास विचारून करावीं लागतात. हें न कळतां केलेला नेहमींचा उपचार त्यास घातक होऊं शकतो.

तेरखेड्यासारख्या गांवीं या गोष्टीस विशेष महत्त्व येतें. रोहिणींत नळी घालून ती उघडण्याची सोय मोठ्या शहरीं असते. गांवाहून रुग्णवाहिका धाराशिव, बार्शी, लातूर किंवा सोलापूर गांठीपर्यंत हृदयाचा स्नायु क्षणोक्षणीं मरत असतो. म्हणून जवळच्या रुग्णालयांत गुठळी विरघळविणारें इंजेक्शन देण्याची वेळ येते. त्या औषधाचें सामर्थ्य मोठें आहे. इटलींत ११,८०६ रोग्यांवर स्ट्रेप्टोकायनेजचा प्रयोग १९८६ सालीं यशस्वी झाला. १९८८ सालच्या १७,१८७ रोग्यांच्या प्रयोगांत स्ट्रेप्टोकायनेज व ॲस्पिरिन दोन्ही दिल्यानें पहिल्या पांच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यु शेंकडा ४२ नीं घटले. पण हेंच औषध शंभरांतून एखाद्यास मेंदूंत रक्तस्राव घडवितें, व ज्याचें रक्त मुळांतच गोठत नाहीं त्यास तें देणें म्हणजे आगींत तेल ओतणें होय. म्हणून इंजेक्शन देण्यापूर्वीं डॉक्टर विचारतो, ‘यांना किंवा घरांत कोणाला रक्त न थांबण्याचा त्रास आहे काय?’ उत्तर देण्यास अर्ध्या मिनिटाहून अधिक अवकाश नसतो. त्या वेळीं रोग्याबरोबर बहुधा धाकटा भाऊ किंवा सून असते. ज्यांस ठाऊक ती आत्या पुण्यास असते व थोरले काका परदेशीं. एके काळीं एका वाड्यांत नांदणारें कुटुंब आज चार शहरीं विखुरलें आहे, आणि घराची ही माहितीहि त्याबरोबर विखुरली आहे. वही नसेल तर ती ऐन वेळीं गोळा होत नाहीं.

लपविण्यानें काय साधतें

आतां दुसऱ्या मताविषयीं. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिच्या घराण्यांतील हिमोफिलिया जगप्रसिद्ध आहे. तिचा पुत्र लिओपोल्ड १८८४ सालीं पडल्याचें निमित्त होऊन वारला, आणि तिच्या मुली-नातींच्या द्वारें हा दोष रशिया व स्पेन येथील राजघराण्यांत गेला. तो फॅक्टर नऊचा दोष होता, हें २००९ सालीं अस्थींच्या परीक्षेवरून निश्चित झालें. राजवाड्यांच्या भिंतींआड ठेवूनहि तो कोणासच लपवितां आला नाहीं. दोष वाहणाऱ्या स्त्रीच्या प्रत्येक मुलास तो होण्याचा संभव निम्मा व प्रत्येक मुलीस तो वाहण्याचा संभव निम्मा असतो. हिमोफिलिया असलेल्या पुरुषाच्या सर्व मुली दोष वाहतात, मुलांस मात्र तो त्याजकडून लागत नाहीं. शिवाय सुमारें एकतृतीयांश रोग्यांच्या घराण्यांत पूर्वीं कोणासच हा विकार नसतो. बीजांतील नव्या बदलानेंच तो उद्भवतो. म्हणून असें मूल झाल्यावर ‘हें माहेराहून आलें’ असें म्हणून सुनेस बोल लावणें शास्त्रासहि धरून नाहीं व माणुसकीसहि धरून नाहीं. महाराष्ट्रांत सरकारी रुग्णालयांतून अशा मुलांस फॅक्टर विनामूल्य देण्याची व्यवस्था झाली आहे, आणि १९८३ सालीं स्थापन झालेली हिमोफिलिया फेडरेशन ही संस्था अशा कुटुंबांस साहाय्य करते. लपविणाऱ्या घरास यांतील कांहींच लाभत नाहीं.

गोत्र टाळलें म्हणजे रक्ताचा दोष टळला, अशीहि समजूत आहे. गोत्र पित्याकडून चालतें. बीज मातापित्यांकडून सारखेंच येतें. मराठवाड्यांतील देशस्थ घरांतून मामाची मुलगी करण्याची चाल होती व कोठें कोठें ती अद्यापि आहे. तींत गोत्र निराळें, पण आजा-आजी एकच. कांहीं दुर्मिळ फॅक्टरांची किंवा प्रोटीन सीची उणीव मातापित्यांत निम्मी असेल तर ती एरवीं कोणास कळतहि नाहीं. दोघांकडूनहि ती आलेल्या बालकास मात्र जन्मतःच भयंकर रूप दाखविते. जेथें असें एक बालक गेलें आहे, तेथें पुढच्या लग्नापूर्वीं रक्ततज्ज्ञाचा सल्ला घेण्यांत कमीपणा नाहीं. पत्रिकेंतील नाडीवरून हें कळत नाहीं.

वहींत काय लिहावें

आमची सूचना साधी आहे. पुढील कुळधर्मास किंवा तुळजापुरच्या दर्शनास मंडळी एकत्र जमतील तेव्हां एक वही घालावी व तींत लेकींच्या शाखाहि लिहाव्या. चार प्रश्न पुरे आहेत. पहिला: पुरुषांत पंचावन्न व स्त्रियांत पासष्ट वर्षांच्या आंत हृदयविकाराचा झटका किंवा अकस्मात् मृत्यु कोणास आला? दुसरा: पायांत, पोटांत किंवा फुफ्फुसांत गुठळी कोणास झाली, कोणत्या वयांत व कोणत्या निमित्तानें? बाळंतपण, शस्त्रक्रिया, लांबचा प्रवास, गोळ्या व वारंवार होणारे गर्भपात यांची नोंद करावी. तिसरा: नाळ पडतांना, कान टोचतांना, दांत काढतांना रक्त थांबेना असें कोणाचें झालें? कोणा मुलाचे गुडघे वरचेवर सुजत? कोणा स्त्रीस महिन्याचा स्राव अति होई? चौथा: कोणाची कोणती तपासणी, कोणत्या सालीं झाली व तिचा निकाल काय? मूळ कागद जपून ठेवावे.

या वहीची एक प्रत प्रत्येक घरीं असावी व ज्यास दोष असल्याचें ठरलें आहे त्यानें त्याचें नांव एका चिठ्ठीवर लिहून खिशांत बाळगावें. नव्या सुनेस व जांवयास ती वही दाखवावी. तीं आतां आपल्याच घरचीं आहेत. पूर्वजांच्या सनदा आपण जपल्या, त्यांचा उपयोग संपला. ते कशानें गेले हें लिहून ठेविलें तर त्यांचा उपयोग नातवंडांस अजून होणार आहे.